बहात्तर तासांचं बोरन्हाण

परवा धरमपेठेच्या कोपऱ्यावर हातगाडीवर तुरीच्या ओल्या शेंगांचा ढीग दिसला आणि पिशवी घरी विसरल्याबद्दल मी स्वतःलाच चार शब्द सुनावले. मग शालीत बांधून दोन किलो शेंगा आणल्या. गाडीवाला हसला. हसू दे. पौषातली थंडी, दुपारचं पिवळं ऊन आणि पातेल्यात मिठाच्या पाण्यात रटरटणाऱ्या शेंगा, एवढं जमून आलं की मला साठीतही उड्या माराव्याशा वाटतात. शेंगा उकडायला लागल्या की घरभर एक हिरवा, ओलसर, किंचित मातकट वास सुटतो. बाकीच्या नागपूरकरांना त्या वासानं शेत आठवत असेल, चुलीवरचे रोडगे आठवत असतील. मला नाकात काडी घालून करायची ती टेस्ट आठवते आणि हसू येतं.

त्याला कारण आहे. तिसऱ्या लाटेच्या त्या हिवाळ्यात आमच्या घरात दोन वास एकत्र नांदत होते. आत स्वयंपाकघरात शेंगांचा आणि भाजलेल्या तिळाचा, बाहेर दाराशी सॅनिटायझरचा. भाजीवाल्याकडून घेतलेल्या शेंगा मी आधी सोड्याच्या पाण्यात बुचकळायची, मग साध्या पाण्यात धुवायची आणि मग उकडायची. त्या बिचाऱ्या शेंगांनी कोणाचं काय वाकडं केलं होतं, हे तेव्हा विचारायची सोय नव्हती. सगळं जगच एकमेकांना धुऊन घेत होतं.

आमची एकुलती एक मुलगी मीनल, घरची मिनू, टोरांटोला असते. तिला दिवस गेले तेव्हा मी पासपोर्ट काढला, व्हिसा काढला, डिंकाचे लाडू कसे टिकवायचे याची शेजारपाजारी चौकशी केली. आणि मग विमानंच बंद झाली. लाडू आम्ही दोघांनी खाल्ले. रेवा जन्मली ती फोनमध्ये. तिचं बारसं आम्ही फोनमध्ये केलं. पाळण्याची दोरी मिनूनं ओढली आणि मी इकडे मोकळा हात हलवत बसले. तिचा पहिला वाढदिवसही फोनमध्येच झाला. तिथं केक कापला, इथं मी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्या तिकडे केक कापून झाल्यावर पोचल्या. चौदा महिने मी आजी होते आणि नात हातात घेतली नव्हती. तेव्हा मी लोकांना हसून सांगायची, काय करणार, दिवसच असे आहेत. पण मनातून मी चिडलेली होते, चांगलीच.

म्हणून मी ठरवलं होतं की बोरन्हाण काही मी फोनवर करणार नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत लहान मुलाला काळं झबलं घालायचं, हलव्याचे दागिने घालायचे, मांडीवर घ्यायचं आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, मुरमुरे, तिळाच्या रेवड्या ओतायच्या. आजूबाजूची पोरं खाली सांडलेलं लुटतात, म्हणून आमच्याकडे कोणी त्याला नुसतं लूटही म्हणतात. मूल पाच वर्षांचं होईपर्यंत कोणत्याही वर्षी करता येतं, हे मलाही ठाऊक आहे. ते मला निदान सहा जणांनी समजावून सांगितलं. पण मिनूला मोजकीच रजा मिळाली होती आणि पुढच्या वर्षीचं कोणी काही सांगत नव्हतं. रेवाला रथसप्तमीच्या आत माझ्या मांडीवर बसवायचं, एवढं एकच मला हवं होतं.

आता मांडी आणि टोरांटो यांच्यामध्ये जे काही होतं ते म्हणजे नियम. थेट विमान मिळालं नव्हतं. मध्ये एका युरोपातल्या शहरात उतरायचं, चौदा तास थांबायचं, दुसरं विमान पकडून दिल्ली आणि मग नागपूर. त्या मधल्या शहराचं नाव आमच्या घरात कधी कोणी घेतलं नाही. त्याला आम्ही 'मधलं गाव' म्हणत असू, म्हणजे पारशिवनीला जाताना जसं मध्ये एखादं गाव लागतं तसं. तर या मधल्या गावामुळे सगळा घोळ. आपल्या देशाचा नियम वेगळा, तिकडचा वेगळा, मधल्याचा वेगळा, विमान कंपनीचा वेगळा, आणि यातला एक तरी दर चार दिवसांनी बदलायचा. कंपनीनं शेवटी कळवलं ते असं की नमुना दिल्यापासून मधल्या गावाहून दुसरं विमान सुटेपर्यंत बहात्तर तासांच्या वर जाता कामा नये. जास्त झाले की तिथेच बसवून ठेवणार, आणि पुढचं विमान चार दिवसांनी. नागपूरला आल्यावर सात दिवस घरातच वेगळं राहायचं, आठव्या दिवशी पुन्हा टेस्ट. मिनू गुरुवारी उतरली तर पुढच्या शुक्रवारी टेस्ट आणि शनिवारी रिपोर्ट. शनिवारीच रथसप्तमी होती. एक दिवससुद्धा सांडायला जागा नव्हती.

"बाबा, तुम्हीच मोजा," मिनू म्हणाली. "माझं डोकं चालत नाही आहे. नवऱ्याला रजा नाही, रेवाला दात येऊन राहिले, आणि मी तीनदा मोजलं तर तीन उत्तरं आली."

झालं. यांच्या अंगात वारंच शिरलं. हे, म्हणजे माझे यजमान, खापरखेड्याच्या वीज केंद्रात बत्तीस वर्षं शिफ्टवर होते. निवृत्त झाले तेव्हा शिफ्टचे प्रमुख होते. तासांचा हिशेब हा त्यांचा प्राण. त्यांनी लॉगशीटसारखा आडव्या उभ्या रेघांचा मोठा कागद आखला, प्रत्येक तासाला एक चौकोन दिला, टोरांटोची वेळ, मधल्या गावाची वेळ असं सगळं भारतीय वेळेत बदलून घेतलं. लाल पेन विमानाला, निळं टेस्टला. कागद फ्रीजवर चिकटवला आणि मागे सरकून कौतुकानं पाहिला.

"पाहून घे वं," मला म्हणाले. "युनिट चालू आहे, सगळं नॉर्मल आहे."

त्या कागदावर एका मिनिटाची चूक नव्हती. हे मी आजही छातीठोकपणे सांगते. साडेदहा तासांचा फरक, साडेचारांचा फरक, सगळं चोख होतं. चूक कुठे होती ते सांगायचं तर मला आमच्या कॉलनीतल्या संसाराकडे जावं लागेल.

खापरखेड्याच्या कॉलनीत आम्ही घड्याळापेक्षा पाळीवर जगत होतो. कोणाच्या घरी हळदीकुंकवाला जायचं तर आधी विचारायचं, तुमच्याकडे आज कोणती शिफ्ट? जनरल, फर्स्ट, सेकंड, नाइट. पहाटे चिमण्यांचा धूर सरळ वर गेलेला असला की कपडे वाळत घालायचे, वारा कॉलनीकडे असला की नाही. थंडीत सगळ्या बायका चौकात खाटा टाकून तुरीचे सोले काढत बसायच्या आणि ज्यांचे नवरे नाइट करून झोपलेले असत त्या घराच्या दिशेला आवाज खाली करायच्या. ते दिवस फार मजेचे होते. तेव्हा कटकटीचे वाटायचे, ती गोष्ट वेगळी.

लग्न नवं होतं आणि मी गुरुवार धरत होते. त्या दिवशी घरात कांदा-लसूण नाही. यांची बुधवारची नाइट असली की डबा द्यायचा, आणि तो हे रात्री दोन वाजता उघडणार. मी विचार केला, बारा वाजून गेले म्हणजे गुरुवार. डब्यात साबुदाण्याची खिचडी भरली. सकाळी हे घरी आले ते डबा तसाच घेऊन. "ड्यूटी बुधवारची, हजेरी बुधवारची, रजिस्टरवर तारीख बुधवारची, मग डबा कसा गुरुवारचा?" मी पंचांग काढलं. पंचांग म्हणालं, वार बदलतो सूर्योदयाला. पाळी, पंचांग आणि नवरा असे तिघं एका बाजूला झाल्यावर माझं काय चालणार? तेव्हापासून बुधवारच्या नाइटला कांदा घातलेली भाजी. आमच्या घरात रात्री दोनला बुधवारच असतो, हा कायदा तीसेक वर्षं कोणी मोडला नाही.

आता तो रविवार. संध्याकाळी साडेसात वाजता मिनूची टेस्टची वेळ होती, तिकडे सकाळचे नऊ. त्या आठवड्यात तिथे टेस्टची वेळ मिळणं म्हणजे देव भेटणं होतं. मी शेंगा सोलत बसले होते आणि हे फ्रीजसमोर येरझारा घालत होते. "आता मिनू रांगेत लागली असेल," म्हणाले. मी सहज वर पाहिलं. त्या कागदावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लाल पेनानं लिहिलं होतं: बुधवार, नाइट, २.१०, मधल्या गावाहून विमान सुटणार. मला ती खिचडी आठवली आणि मी हसले. खूप वर्षांनी आठवली होती. हसता हसता माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

"अहो, हे दोन-दहा बुधवारचे का गुरुवारचे?"

"बुधवारच्या नाइटचे. लिहिलं आहे न."

"ते आपल्या घरचं झालं. विमानवाल्यांच्या घरी रात्री दोनला कोणता वार असते?"

"काहून? तिकिटावर बी बुधवारच आहे, पाहून घे न."

"तिकिटावर तिकडचे रात्रीचे नऊ-चाळीस आहेत. तुम्ही त्यांचे आपले दोन-दहा केले. तेव्हा आपल्याकडे उजाडलं नसलं तरी गुरुवार लागला न!"

यांनी चष्मा वर केला. बोटानं चौकोन मोजायला लागले, एकेक करून, ओठ हलवत. बुधवारच्या पहाटेपर्यंत मोजून थांबले, आणि मग बोट पुढे सरकवून आणखी चोवीस चौकोन मोजले. मागे वळले तेव्हा चेहरा उतरला होता.

"अठ्ठ्याहत्तर तास चाळीस मिनिटं," म्हणाले. "अरे बापा. मी पूर्ण एक दिवस खाल्ला."

घड्याळात सात वाजून बावीस मिनिटं झाली होती. मी फोन लावला. वाजला, वाजला आणि उचलला. मी ओरडले, "मिनू, थांब! टेस्ट देऊ नको!" पडद्यावर एक मोठी नाकपुडी दिसत होती. मग छत. मग एक ओला अंगठा. रेवाला शांत ठेवायला मिनूनं फोन तिच्या हातात दिला होता आणि आमच्या नातीनं तो उचलला होता.

"रेवा, बाळा, आईला दे फोन," मी म्हणाले.

रेवा खदाखदा हसली. हे माझ्या खांद्यावरून वाकले. "मायले दे वं माझी बाई, मायले!" आपले आजोबा एवढे हातवारे करताना तिनं कधी पाहिले नव्हते. तिला वाटलं, खेळ आहे. तिनं आम्हाला चाटलं आणि बंद करून टाकलं.

दुसऱ्यांदा लावला तर पुन्हा तिनंच उचलला. या वेळी आम्हाला जमीन दिसली, लोकांचे बूट दिसले, जमिनीवर चिकटवलेल्या पिवळ्या पट्ट्या दिसल्या. रांग सरकत होती. "कोणी ऐकून राहिलं का तिकडे!" हे मराठीतून टोरांटोला ओरडले. मी रडकुंडीला आले होते आणि मला हसूही आवरत नव्हतं. एवढा वेळ ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. तिसऱ्यांदा फोन लागला तेव्हा मिनूचा मास्क घातलेला चेहरा समोर आला.

"काय झालं आई? माझा नंबर आला आहे."

"काडी गेली का नाकात?"

"नाही अजून. समोर उभी आहे ती काडी घेऊन."

"मग नाक झाक!"

पुढचं मिनूनं नंतर सांगितलं. काडी हातात घेऊन उभ्या असलेल्या बाईला तिनं दोन मिनिटांत सगळं समजावलं: वडील, वीज केंद्र, रात्रपाळी, बुधवार. त्या बाईची आई कधीकाळी दवाखान्यात रात्रपाळी करायची म्हणे. तिला एका वाक्यात कळलं. तिनं सोमवारच्या यादीत पाहिलं, सकाळी नऊची एक वेळ कोणीतरी सोडली होती, तिथे मिनूचं नाव लिहिलं. "बहात्तर तासांत कितीतरी जण चुकतात, पण असं कारण पहिल्यांदाच ऐकलं," असं ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर मला वाटलं हे हसतील. हे खुर्चीत बसून राहिले. बत्तीस वर्षांत यांच्या शिफ्टमध्ये यांच्या चुकीनं युनिट एकदाही बंद पडलं नव्हतं, हे मला ऐकून ऐकून लग्नात आलेल्या भांड्यांच्या यादीइतकं पाठ आहे. त्या माणसानं पोटच्या पोरीला चुकीची तारीख दिली होती. मी त्यांच्यासमोर शेंगांचा वाडगा ठेवला. घेतल्या नाहीत.

"तू पाहिलं नसतं तर पोट्टी लेकराले घेऊन तिथं बसली असती न वं. चार दिवस."

"मी कुठे पाहिलं? तुमच्या खिचडीनं पाहिलं."

"ते खिचडी मी खाल्ली नव्हती," ते म्हणाले, आणि मग एकदाचे हसले. पण त्या दिवसापासून मिनू घरी पोचेपर्यंत त्यांनी कागदाला हात लावला नाही. "तूच मोज," म्हणायचे. मी मुद्दाम विचारायची, आजची रात्र कालमध्ये धरू का आजमध्ये? मग ते पेपर तोंडासमोर धरायचे.

आता मागे वळून पाहिलं की वाटतं, त्या दोन वर्षांत जगातली किती माणसं अशी स्वयंपाकघरात उभी राहून तास मोजत होती. ज्यांनी शाळेनंतर कधी गणित केलं नाही ती माणसं टाइमझोन मोजायला लागली. आमच्या भाजीवाल्याचा भाऊ आखातात होता. तोही मला विचारायचा, वहिनी, अठ्ठेचाळीस तास म्हणजे दोन दिवस पूर्ण का थोडे कमी? आताच मागच्या महिन्यात मिनूनं उन्हाळ्याचं तिकीट काढलं ते भाजी फोडणीला टाकता टाकता. ना फॉर्म, ना काडी. पुन्हा त्याच मधल्या गावावरून येणार आहे, पण आता ते नुसतं मधलं गाव आहे, लोक तिथं कॉफी पितात. हे चांगलंच झालं. तरी त्या मोजण्याची मला कधीकधी आठवण येते, कारण एवढं मन लावून मी आयुष्यात दुसरं काही मोजलेलं नाही.

सोमवारी टेस्ट झाली, मंगळवारी रिपोर्ट आला: निगेटिव्ह. 'नाही' हे उत्तर इतकं गोड लागलेलं मला आठवत नाही. मी देवापुढे साखर ठेवली. मधल्या गावात विमानात चढायच्या आधी एका माणसानं मिनूचा रिपोर्ट हातात घेऊन नमुन्याची वेळ बोटांवर मोजली. तिच्या पुढच्या एका गृहस्थाला बाजूला बसवलं होतं, त्याचे तास भरले होते. मिनूचे भरले चोपन्न तास चाळीस मिनिटं. माणसानं मान हलवली आणि रेवाला टाटा केला.

गुरुवारी संध्याकाळी फाटकासमोर टॅक्सी थांबली. आम्ही दोघं मास्क लावून व्हरांड्यात, हात पाठीमागे बांधून उभे. तसं ठरलंच होतं, कारण हात मोकळे ठेवले असते तर माझा भरवसा नव्हता. वरच्या मजल्यावर पूर्वी विद्यार्थी भाड्यानं राहायचे, ते साथीत गावी गेलेले. त्या दोन खोल्या मी घासूनपुसून ठेवल्या होत्या. मिनू बाहेरच्या जिन्यानं सरळ वर गेली. तिच्या खांद्यावर रेवा झोपलेली होती. मला फक्त एक गुलाबी टोपी आणि एक लोंबणारा मोजा दिसला. मी खाली उभी राहून त्या मोज्याकडे बघत राहिले.

मग सुरू झाले ते सात दिवस, आणि ते आमच्या घरातले सगळ्यात आनंदाचे सात दिवस होते, असं मी म्हटलं तर मिनू अजून चिडते. ती आत कोंडलेली होती ना. पण मला विचाराल तर नात डोक्यावरच्या मजल्यावर आहे आणि तिच्या पावलांचा धपधप आवाज छतातून येतो आहे, याहून मोठी चैन नाही. पहिल्या दिवशी हे जेवता जेवता थांबले, वर बोट दाखवलं आणि कुजबुजले, "चालून राहिली!" आम्ही दोघं घास हातात धरून छताकडे बघत बसलो.

वर जाळीचं दार होतं. मी रोज सकाळी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसायची, मास्क लावून, शाल पांघरून. जाळीच्या पलीकडे रेवा. ती जाळीला नाक लावायची आणि नाकावर चौकोन उमटवून घ्यायची. मी सोले काढायची आणि ती ते बघायची. शेंग फुटली की ती दचकायची आणि मग आणखी एक फोड म्हणून हात आपटायची. मी फोडायची. असे दिवसाला दोन-तीन किलो सोले निघायला लागले. आम्ही सोलेभात खाल्ला, सोले-वांगं खाल्लं, सोल्यांची आमटी खाल्ली, आणि उरलेले शेजाऱ्यांना दिले.

याच आठवड्यात माझे धाकटे दीर सुधाकर पारशिवनीहून आले. त्यांची शेती तिथेच आहे. फाटकाबाहेर उभं राहून त्यांनी पोतं आत सरकवलं: बोरं, उसाची कांडी, हरभऱ्याचे घाटे. मान वर करून जाळीकडे पाहिलं.

"वहिनी, पोट्टीले आपल्या बांधावरची बोरं चालतीन न? का तिची बी टेस्ट करा लागते?"

"पाच वर्षांच्या आतल्यांना टेस्ट नाही, भाऊजी."

"मंग तिलेच द्या न खाली! मायले राहू द्या वर सात दिवस."

"सुधाकरकाका, मला ऐकू येऊन राहिलं!" वरून मिनू ओरडली.

भाऊजींनी गमतीत म्हटलेलं ते मी अगदी गंभीरपणे घेतलं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही. रात्रभर त्यावर विचारही केला. टेस्ट नाही म्हणजे पोर मोकळी, असा अर्थ निघतो का, हे मी यांनाही विचारलं. यांनी मान हलवली. "एकदा आपल्या घरच्या कायद्यानं गेलो न, तेच पुष्कळ झालं."

शुक्रवारी एक माणूस पांढरा अंगरखा चढवून आला आणि मिनूच्या नाकात काडी घालून गेला. रेवानं तिच्या वतीनं भोकाड पसरलं. रिपोर्ट शनिवारी सकाळी येणार होता. रथसप्तमीच्या दिवशी मी अंगणात दूध उतू घातलं, सूर्याला हात जोडले, आणि मग न्हाऊन, काठाची साडी नेसून, पाट मांडून वाट बघत बसले. परातीत बोरं, करवे, घाटे, मुरमुरे, रेवड्या. पाटावर काळं झबलं आणि मी तीन रात्री डोळे फोडून गुंफलेला हलव्याचा हार. बाजूच्या घरातली दोन पोरं मास्क लावून लुटायला तयार. आठ वाजले, नऊ वाजले. साडेदहाला मुलांपैकी एकानं विचारलं, आजी, बाळ कुठे आहे? मी म्हटलं, रिपोर्टमध्ये.

अकराला सात मिनिटं कमी असताना वर दार उघडलं. मिनू जिन्यावरून खाली यायला लागली, रेवाला कडेवर घेऊन, मास्कशिवाय. तिनं काही सांगायची गरजच नव्हती. यांनी व्हरांड्यातल्या खांबाला हात टेकला. मिनूनं रेवाला माझ्या मांडीवर ठेवलं.

जड होती. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. फोनवर वजन कळत नाही. तिच्या डोक्याला दुधाचा, खोबरेल तेलाचा आणि घामाचा वास होता. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या कानामागे पाहिलं, मग वाकून माझ्या पाठीमागे पाहिलं. तिच्या हिशेबानं आजी म्हणजे पुढची बाजू. मागचीही असते, हे तिला नवीन होतं. तिनं माझी वेणी ओढून खात्री करून घेतली. मी तिला झबलं घातलं, हार घातला, आणि यांनी पहिली ओंजळ तिच्या डोक्यावरून सोडली.

बोरं टपाटप पडली. पोरं लुटायला धावली. आणि रेवा घाबरून किंचाळली. तोंड लाल, डोळे मिटलेले, सगळं अंग ताणून ती आईकडे झेपावली. मिनू पुढे आली आणि मध्येच थांबली, माझ्याकडे बघत.

रेवा फोनवर रडायला लागली की चौदा महिने एकच गोष्ट व्हायची. "आई, नंतर करते हं," मिनू घाईनं म्हणायची आणि पडदा काळा व्हायचा. मी तो काळा पडदा हातात धरून बसायची. ती किती वेळ रडली, कशानं थांबली, थांबल्यावर तिचा चेहरा कसा झाला, हे मला एकदाही कळलं नव्हतं.

मी तिला खांद्यावर घेतलं आणि उठून उभी राहिले. ती माझ्या कानाशी बेंबीच्या देठापासून रडत होती, मध्ये कुठेही न अडकता, आणि माझा खांदा ओला होत होता. मी अंगणात एक फेरी मारली, दुसरी मारली. तिसऱ्या फेरीत किंचाळण्याचे हुंदके झाले, हुंदक्यांचा एक लांब श्वास झाला. मग तिनं नाक माझ्या साडीला पुसलं आणि मान टाकली. रेवाचं रडणं थांबलं, आणि ते थांबलं तेव्हा मी तिथेच होते.